राहते घर आणि हौसेचे कर्ज

'घर पाहावे बांधून' ही म्हण घर उभे करताना होणाऱ्या यातायातीची साक्ष देते. बांधून झालेल्या, कर्ज फिटलेल्या घराचे पुढे काय करावे, याविषयी मात्र आपल्या म्हणी मौन बाळगून आहेत. कारण उघड आहे. पूर्वी घर गहाण पडे ते दुष्काळात, दीर्घ आजारात किंवा मुलीच्या लग्नापायी. आणि ती गोष्ट चारचौघांत बोलून दाखवण्याजोगी नसे. आता चित्र पालटले आहे. भिलाईच्या आमच्या शाखेत कर्ज विभागाच्या मेजापलीकडे बसलेले ग्राहक अगदी प्रसन्न चेहऱ्याने विचारतात, "मॅडम, घराची किंमत पुष्कळ वाढली आहे. त्यातले थोडे पैसे काढता येतील का?"

या प्रश्नातील 'काढता येतील' या शब्दांपाशी मी नेहमी अडखळते. बचत खात्यातून आपण जे पैसे काढतो ते आपले असतात. घरातून 'काढलेले' पैसे आपले नसतात. ते बँकेने, म्हणजे अंतिमतः अन्य ठेवीदारांनी, त्या घराच्या भरवशावर दिलेले असतात. घराची किंमत दुप्पट झाली म्हणून एक रुपयादेखील आपोआप खिशात येत नाही. त्यासाठी घर विकावे लागते, भाड्याने द्यावे लागते किंवा त्यावर कर्ज घ्यावे लागते. यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत सोपा वाटतो, कारण त्यात घर हातचे जात नाही आणि पैसाही मिळतो. तो मार्ग प्रवासासाठी, मोटारीसाठी, घराच्या सजावटीसाठी, थोडक्यात हौसेसाठी पत्करावा का, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भिलाईत हा प्रश्न एका विशिष्ट वळणाने येतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढल्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली आणि नागपूर मुंबई राज्यात गेले; परंतु रेल्वेचा मार्ग तोच राहिला आणि त्या मार्गाने विदर्भातील माणसे येथे येत राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत उभी राहिली. राहायला क्वार्टर, मुलांना शाळा, आजारपणाला सेक्टर ९ चे रुग्णालय, रविवारी मैत्रीबाग. नोकरीत असेपर्यंत स्वतःच्या घराची निकड भासावी असे येथे काही नव्हते. ती भासू लागे निवृत्तीची तारीख दिसू लागल्यावर. मग भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांतील मोठा वाटा नेहरूनगर, स्मृतिनगर, वैशालीनगर किंवा दुर्गच्या बाजूला एखाद्या घरात जाई.

घर झाले, पण महिन्याचे उत्पन्न आटले. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये आली. तिच्यातील पेन्शनयोग्य वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० रुपये करण्यात आली, आणि त्या मर्यादेने हिशेब केला तर पस्तीस वर्षांच्या सेवेचे पेन्शन दरमहा साडेसात हजार रुपये येते. जास्त वेतनावर पेन्शनचा पर्याय ज्यांना लाभला नाही, अशा निवृत्तांची स्थिती म्हणूनच चमत्कारिक झालेली दिसते. साठ-सत्तर लाखांच्या घरात राहणारे गृहस्थ पंखा दुरुस्त करावा की नवा घ्यावा याचा विचार करीत बसतात. घरात पैसा आहे, पण तो भिंतीत आहे.

अशाच एका दांपत्याची हकीकत येथे सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच गाळले आहेत. गृहस्थ रेल मिलमधून निवृत्त झालेले, वय सहासष्ट. काकू त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. मूळ गाव वर्ध्याकडचे. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. काकांनी रेघांच्या कागदावर सुवाच्य अक्षरात यादी करून आणली होती : दोघांची युरोपची सहल, सात लाख, मॉड्युलर स्वयंपाकघर, चार लाख, जुनी गाडी देऊन नवी घेण्यासाठी वरची रक्कम, चार लाख. एकूण पंधरा लाख.

"घर साठ लाखांचे झाले आहे," काका म्हणाले. "पंधरा गेले तरी पंचेचाळीस उरतातच. हे सगळे मुलांनाच तर जायचे आहे. आयुष्यभर लाल लोखंडासमोर उभे राहिलो, बेटा. आता जरा जग पाहावे म्हणतो."

या शेवटच्या वाक्याशी माझे काहीच भांडण नव्हते. मुलांसाठी ठेवायचे म्हणून स्वतःच्या गुडघ्यांची शस्त्रक्रियाही पुढे ढकलणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्याला त्याग म्हणावे की संकोच, हे मला अजून कळलेले नाही. ज्याने मिळवले त्याने खर्च करावे, हे न्याय्यच आहे. तथापि साठातून पंधरा गेले की पंचेचाळीस उरतात, ही वजाबाकी मात्र बरोबर नव्हती.

एक तर साठ लाख हा आकडा आला होता शेजारचे घर तेवढ्याला गेले या बातमीवरून. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा, बांधकामाचे वय, रस्त्याची रुंदी आणि प्रत्यक्ष नोंदलेले व्यवहार पाहतो. त्याचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा बहुधा कमीच असतो. मालमत्ता तारण कर्जात त्या मूल्यांकनाच्याही साधारण पन्नास ते पासष्ट टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. दुसरे म्हणजे कर्ज पंधरा लाखांचे असले तरी परतफेड पंधरा लाखांची नसते. त्यांच्या वयाकडे पाहता दहा वर्षांहून अधिक मुदत देणे शक्य नव्हते. द. सा. द. शे. १० दराने दहा वर्षांसाठी पंधरा लाखांचा मासिक हप्ता सुमारे १९,८०० रुपये होतो आणि एकूण परतफेड पावणेचोवीस लाखांच्या पुढे जाते.

मग आम्ही उत्पन्न मांडले. पेन्शन सात हजार, ठेवींचे व्याज सतरा हजार, वरच्या मजल्याचे भाडे आठ हजार. एकूण बत्तीस हजार. घरखर्च, औषधे, विजेचे बिल आणि सणवार मिळून बावीस हजार. शिल्लक दहा हजार.

"मुलगा हप्ते भरणार म्हणतो," काका म्हणाले.

भरेलही. परंतु त्याचे स्वतःचे बंगळूरचे गृहकर्ज चालू होते. दोन घरांचे हप्ते एका पगारावर अवलंबून ठेवणे म्हणजे बापाचे घरही मुलाच्या नोकरीला बांधणे, हे मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले.

येथे एक कबुली द्यायला हवी. कर्ज देणे हे आमचे काम आहे. उत्तम तारण असलेले कर्ज कोणत्याही शाखेला नकोसे नसते. उद्दिष्टे आम्हालाही असतात. म्हणूनच ग्राहकाने हे ओळखून असावे की, 'कर्ज मंजूर झाले' याचा अर्थ 'कर्ज घेणे योग्य आहे' असा होत नाही. मंजुरी एवढेच सांगते की, पैसे बुडण्याची बँकेला भीती वाटत नाही. घर तारण असताना ती वाटण्याचे कारणही नसते.

स्वस्त व्याज, महाग कर्ज

हौसेच्या खर्चासाठी घरावर कर्ज घेण्याच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद असा की, त्याचा व्याजदर वैयक्तिक कर्जापेक्षा कमी असतो. हे खरे आहे. पण अर्धेच.

दहा लाखांचे उदाहरण घेऊ. वैयक्तिक कर्ज १३ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २२,७५० रुपये आणि एकूण व्याज ३ लाख ६५ हजार. तेच दहा लाख गृहकर्जावरील टॉप-अप म्हणून साडेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता अवघा १०,४४० रुपये. मनाला किती हलके वाटते. पण एकूण व्याज ८ लाख ८० हजार होते. दर साडेतीन टक्क्यांनी कमी, व्याज दुपटीहून जास्त. साडेनऊ टक्क्यांचेच कर्ज पाच वर्षांत फेडले तर व्याज २ लाख ६० हजारांवर येते आणि हप्ता २१,००० रुपये होतो. म्हणजे खरा फायदा कमी दर आणि कमी मुदत एकत्र आल्यावरच पदरात पडतो. ज्यांना एकवीस हजारांचा हप्ता झेपतो ते बहुधा थोडे थांबून रोखीनेही तो खर्च करू शकतात. ज्यांना झेपत नाही ते मुदत लांबवतात. कमी दराचा लाभ ज्यांना हवा असतो त्यांनाच तो सहसा मिळत नाही, असा हा विचित्र प्रकार आहे.

हा हिशेब मी दुसऱ्यांसाठी मांडते तसा एकदा स्वतःसाठीही मांडावा लागला. नागपूरच्या आमच्या सदनिकेवर कर्ज आहे. एका संध्याकाळी भ्रमणध्वनीवर संदेश आला की, सहा लाखांचे टॉप-अप पूर्वमंजूर आहे. स्वयंपाकघराचे काम मनात होतेच. पंधरा वर्षांसाठी हप्ता ६,२६५ रुपये. काहीच नाही, असे दोघांनाही वाटले. मग यजमानांनी सहज विचारले की, शेवटचा हप्ता भरताना तू किती वर्षांची असशील? बावन्न. आणि या ट्रॉल्या किती वर्षे टिकतात? सुताराला विचारले, तो म्हणाला, नीट वापरल्या तर दहा. अर्थात शेवटची पाच वर्षे आम्ही मोडीत निघालेल्या स्वयंपाकघराचे हप्ते भरीत राहिलो असतो, तेही सहा लाखांचे सव्वाअकरा लाख होईपर्यंत. ओटा आणि नळ बचतीतून करून घेतले. ट्रॉल्या अजून व्हायच्या आहेत.

व्याजदर फिरता असतो, हेही विसरून चालत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. हप्ता तोच राहिलेल्या अनेक कर्जदारांना आपली मुदत किती वाढली हे वर्षअखेरीचे विवरणपत्र पाहिल्यावर उमगले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून, दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत याची निवड कर्जदाराला द्यावी, असे बँकांना सांगितले. ती निवड आपण करावयाची असते. पत्र आले की ते वाचावे, कपाटात ठेवू नये.

करसवलतीविषयीही पुष्कळ गैरसमज आहे. घराच्या नावाने मिळालेल्या प्रत्येक कर्जावर सवलत मिळते असे नाही. ती घर घेणे, बांधणे, दुरुस्त करणे यांसाठी वापरलेल्या रकमेच्या व्याजावर असते; स्वित्झर्लंडच्या बर्फासाठी नाही. नव्या करप्रणालीत तर स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावटही मिळत नाही.

उलट गहाणाची गोष्ट

"मग ते उलटे कर्ज द्या," काका म्हणाले. "त्याला हप्ता नसतो म्हणे."

रिव्हर्स मॉर्गेज, अर्थात उलट गहाणकर्ज, हे ज्येष्ठांसाठी आपल्याकडे २००७-०८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले आणि ३१ मे २००७ रोजी राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. कर्जदाराचे वय साठहून अधिक हवे. पती-पत्नी संयुक्त कर्जदार असतील तर दुसऱ्याचे वय पंचावन्नहून कमी नसावे. घर स्वकष्टार्जित, निर्वेध मालकीचे आणि स्वतः राहत असलेले हवे. बँक दरमहा किंवा तिमाहीने पैसे देते, कमाल मुदत वीस वर्षे. हयातीत फेड नाही. शेवटचा हयात कर्जदार गेल्यावर किंवा त्याने ते घर कायमचे सोडल्यावर कर्ज वसुलीस पात्र होते. तेव्हा वारसांना कर्ज फेडून घर ठेवून घेण्याचा पहिला अधिकार असतो. नाहीतर घर विकून बँक आपले येणे घेते आणि उरलेले वारसांना देते. घराच्या किमतीहून जास्त वसुली बँकेला करता येत नाही. २००८ मध्ये आयकरातही दुरुस्ती झाली. असे गहाण हे हस्तांतरण समजले जात नाही आणि मिळणारी रक्कम उत्पन्न धरली जात नाही. वाचताना योजना निर्दोष वाटते, आणि माझ्या मते ती आहेही चांगली. मात्र ती औषधपाण्याच्या, घरखर्चाच्या ओढाताणीसाठी चांगली आहे. एकरकमी उचलीवर तिच्यात मर्यादा आहे : पात्र कर्जाच्या निम्म्यापर्यंत, तीही १५ लाखांच्या आत आणि वैद्यकीय उपचारांसाठी.

हप्ता नसला तरी व्याज असतेच. फक्त ते दिसत नाही. दरमहा दहा हजार रुपये पंधरा वर्षे घेतले तर हाती पडतात अठरा लाख. १० टक्के दराने, दरमहा चक्रवाढ धरली तर देणे होते सुमारे ४१ लाख ४५ हजार. तेच वीस वर्षे घेतले तर हाती चोवीस लाख आणि देणे जवळजवळ शहात्तर लाख. शेवटच्या पाच वर्षांत घेतलेले सहा लाख, पण देणे वाढले साडेचौतीस लाखांनी. म्हणून हे कर्ज साठाव्या वर्षी सुरू करण्यापेक्षा सत्तराव्या-बहात्तराव्या वर्षी, खरी गरज पडल्यावर सुरू करणे बहुतेकांच्या हिताचे ठरते.

आतापर्यंत गप्प बसलेल्या काकू या टप्प्यावर बोलल्या. "हे आधी गेले, तर मला घरातून उठवतील का?"

माझ्या दृष्टीने त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा होता, आणि तो यादीत नव्हता. घर एकट्या काकांच्या नावावर होते. उलट गहाणात काकू सहकर्जदार असत्या तर त्यांच्या हयातीपर्यंत त्या घरात राहू शकल्या असत्या. नसत्या, तर काकांच्या पश्चात कर्ज लगेच वसुलीस पात्र झाले असते. साध्या कर्जात तर प्रश्न अधिक कठीण. पेन्शन निम्मे होते, हप्ता मात्र तेवढाच राहतो. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक वर्गात जाते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक साठ दिवसांची नोटीस देऊन तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. क्रेडिट कार्डाचे बिल थकले तर अपकीर्ती होते, तगादा लागतो. पण कार्डाच्या बिलापायी कोणी थेट दारावर कुलूप लावीत नाही. हौसेचा खर्च घरावर टाकणे म्हणजे तारण नसलेल्या कर्जाचे तारण असलेल्या कर्जात रूपांतर करणे. स्वस्त व्याजाची किंमत ती आहे.

थोडे बाहेरचे

अमेरिकेत या शतकाच्या आरंभी घरांच्या किमती चढत गेल्या तसतशी घरावर वाढीव कर्जे घेण्याची लाटच आली. आतिफ मियाँ आणि अमीर सुफी या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ ते २००६ या काळातील कर्जदारांचा अभ्यास करून दाखवले की, घराची वाढलेली किंमत एका डॉलरमागे सुमारे पंचवीस सेंट या प्रमाणात कर्जरूपाने बाहेर येत होती, आणि ती बहुधा उपभोग व घराची सजावट यांवर जात होती. किमती कोसळल्या, कर्जे होती तेवढीच राहिली. पुढे २००८ मध्ये काय घडले ते सर्वश्रुत आहे. आपल्याकडे तशी स्थिती नाही, पण ८ ऑगस्ट २०२४ च्या पतधोरण निवेदनात तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी टॉप-अप गृहकर्जांचा मुद्दा मुद्दाम काढला होता. काही संस्था तारणाशी कर्जाचे प्रमाण आणि पैशाच्या वापरावरील देखरेख यांबाबतचे नियम नीट पाळत नाहीत, आणि असा पैसा अनुत्पादक कामांकडे वा सट्ट्याकडे जाऊ शकतो, असा त्यांचा रोख होता.

फ्रान्समधील प्रथा वेगळी आणि, खरे सांगायचे तर, मजेदार आहे. तेथे वृद्ध माणूस आपले घर विकतो, मरेपर्यंत त्यातच राहतो आणि खरेदीदार त्याला दरमहा ठरलेली रक्कम देत राहतो. आर्ल गावच्या झान काल्माँ या बाईंनी १९६५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, आपले घर एका वकिलाला महिना २,५०० फ्रँकच्या बोलीवर दिले. वकीलसाहेब तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे. तीस वर्षे ते पैसे देत राहिले आणि १९९५ मध्ये निवर्तले. बाई हयात होत्या. मग वकिलांच्या पत्नीने पैसे दिले. काल्माँबाई १९९७ मध्ये वयाच्या एकशे बाविसाव्या वर्षी गेल्या, तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त रक्कम दिली गेली होती. यात लक्षात घेण्याजोगे हे की, दीर्घायुष्याची जोखीम खरेदीदाराने घेतली होती. हप्त्यांच्या साध्या कर्जात ती जोखीम कर्जदाराचीच असते.

मग घरावर कर्ज घेऊच नये का? तसे मी म्हणणार नाही. गळके छप्पर, घसरडे न्हाणीघर, जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावर हवी असलेली खोली यांवरचा खर्च घराचे आयुष्य वाढवतो आणि माणसाचेही. वरचा मजला नीट करून त्याचे भाडे हप्त्याइतके येणार असेल तर निर्णय सोपा आहे. वार्षिक ३६ ते ४२ टक्क्यांनी चढणारी क्रेडिट कार्डाची बाकी घरावरील कर्जातून फेडणेही हिशेबाने योग्यच. अट एवढीच की, कार्ड त्याच दिवशी कापून टाकावे. कार्ड फेडून वर्षभरात पुन्हा तेवढीच बाकी करणारे, आणि त्यामुळे दोन्ही हप्ते मानगुटीवर घेतलेले ग्राहक मला ठाऊक आहेत. कर्ज घेतलेच तर मुदत वस्तूच्या आयुष्याहून कमी ठेवावी, आणि जादा पैसे येतील तेव्हा भरत जावे. फिरत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क २०१४ पासून बँकांना आकारता येत नाही. आणि खरोखरच घरातील पैसा हवा असेल तर मोठे घर विकून लहान घेणे हा मार्ग अधिक स्वच्छ आहे. आपल्याकडे त्याला उगीचच कमीपणा मानतात.

भिलाईपुरता एक मुद्दा राहिला. कारखान्याच्या व्यवस्थापनाने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत अनेक क्वार्टर कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. तेथे राहणारी मंडळी 'आमचे घर' म्हणतात ते भावनेने खरे आहे. कायद्याने ते पट्टेदार आहेत, मालक नव्हेत. अशा घरावर तारण कर्ज हवे असल्यास पट्ट्याच्या अटी, नोंदणी, उरलेली मुदत आणि पट्टा देणाऱ्याची लेखी संमती हे सर्व आधी पाहावे लागते. उलट गहाणासाठी तर निर्वेध मालकीच लागते. पट्टा हाती आहे एवढ्यावर विसंबून सहलीची आगाऊ रक्कम भरून बसलेल्या एका ग्राहकाला मला नाही म्हणावे लागले होते. तो दिवस मला अजून आठवतो.

काका-काकू महिन्याभराने पुन्हा आले. रेघांचा कागद नवा होता. मोटार त्यावरून गेली होती. "चार दिवस जायचे, तीनशे साठ दिवस झाकून ठेवायची," असे काकांनीच सांगितले. स्वयंपाकघराच्या जागी न्हाणीघर आले होते, पकडायच्या दांड्यांसह, सत्तर हजारांत. ते भाड्याच्या शिलकीतून होणार होते. युरोपचे दोन आठवड्यांचे आठ दिवस झाले होते, आणि निम्मी रक्कम मुलगी-मुलगा मिळून देणार होते. राहिलेल्या अडीच लाखांसाठी मुदत ठेव मोडावी का, असे काकांनी विचारले. ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेता येतो, ठेवीच्या दराहून एखाद-दोन टक्के जास्त व्याज पडते आणि वर्षा-दीड वर्षात फेडता येईल, हे मी सांगितले. शिवाय घरावर काकूंचे नाव संयुक्त मालक म्हणून लावण्याविषयी वकिलाला भेटावे असेही सुचवले. ते त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात टिपून घेतले.

अर्जाचा नमुना पुढे केला तेव्हा काकूंनी मांडीवरची कापडी पिशवी उघडली. तिच्यात घराच्या दस्तऐवजांची जाड फाईल होती. "याला हे कागद लागतात का?" त्यांनी विचारले.

"नाही काकू, ठेवीची पावती पुरते."

त्यांनी फाईल पुन्हा पिशवीत घातली, पिशवीची गाठ मारली आणि काकांना सहीसाठी पेन दिले.